झाडं मोजून झाली असतील तर आता चिखल मोजा

दर वेळी तेच. खाडीवरून पूल, खाडीच्या कडेनं रस्ता, नाहीतर कुठलंतरी यार्ड असं काही येतं, पाठोपाठ बातमी येते की इतकी हजार तिवरं, म्हणजे खाडीतल्या कांदळवनाची झाडं, तुटणार, आणि त्याच बातमीच्या खालच्या ओळीत असतं की बदल्यात कितीतरी पट झाडं लावणार. मग आपण त्या दोन आकड्यांवरून भांडत बसतो. एक गट म्हणतो पाचपट लावतायत तर रडताय कशाला, दुसरा म्हणतो लावलेली जगतात कुठं. बुलेट ट्रेनच्या वेळी हेच झालं. आधी आकडा ५० हजारांच्या वर होता, मग डिझाइन बदलून तो साधारण २२ हजारांवर आणला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने परवानगी दिली. निम्म्याहून जास्त झाडं वाचली, चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी वाचलेल्या एकाही बातमीत ती झाडं ज्यात उभी आहेत तो चिखल किती खोल आहे हे नव्हतं.

आणि कार्बनचा हिशोब करायचाच असेल तर खाडीत झाड ही दुय्यम गोष्ट आहे. खरा ऐवज चिखलात आहे, आणि तो रोपं लावून परत येत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते पटवायला जरा लांबून यावं लागेल, म्हणजे थेट पीटलँडपासून, पीट साठलेल्या दलदलींपासून.

पीट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलंय, फक्त लक्ष दिलेलं नाही. नर्सरीत कोकोपीटच्या शेजारी पीट मॉसची पिशवी असते ना, तेच. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ते आपलं आपल्याकडेच होतं, पण पीट मॉस थंड देशांतल्या दलदलीतून खणून आणलेलं असतं. तिथे स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं, त्याच्यावर नवीन वाढतं, आणि मेलेलं खाली पाण्यात बसत जातं पण कुजत नाही. कुजत नाही कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत साधारण १० हजारपट हळू पसरतो, त्यामुळे खालच्या थरात तो जवळजवळ पोचतच नाही. शिवाय फिनॉल ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम आहे ज्याला काम करायला ऑक्सिजन लागतो, तो नसला की फिनॉल साठत जातात, आणि हे फिनॉल कुजवणाऱ्या बाकीच्या एन्झाइम्सनाही गप्प बसवतात. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असेपर्यंत कैरी वर्षभर टिकते आणि तेल खाली गेलं की आठ दिवसांत बुरशी, त्यातलाच प्रकार. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एक माणूस सापडला, पोलिसांना वाटलं ताजा खून आहे, चेहऱ्यावरचे दाढीचे खुंटसुद्धा दिसत होते. तो निघाला सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा. टोलुंड मॅन म्हणतात त्याला.

हा थर वाढतो किती, तर वर्षाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर व्हायला हजार वर्षं. आणि तरी जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्के भागावर पसरलेल्या या दलदलींत ५०० ते ६०० अब्ज टन कार्बन आहे, जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून आहे त्यापेक्षा जास्त. काँगोच्या खोऱ्यातल्या पीटचा तर नीट नकाशा २०१७ मध्ये आला, सुमारे १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, त्यात ३० अब्ज टन कार्बन. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं नकाशावर नव्हती, कारण वरून बघितलं तर जंगलच दिसतं.

आता यातलं पाणी काढलं की काय होतं ते बघा. इंग्लंडमध्ये होल्म फेन म्हणून जागा आहे, तिथलं पाणी शेतीसाठी उपसायला घेतलं तेव्हा १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत गाडला, टोक जमिनीच्या बरोबर लेव्हलला. आज तो खांब चारेक मीटर वर आलाय. म्हणजे खांब हललेला नाही, जमीन खाली गेली. काही पाणी निघाल्यामुळे दबली आणि बरीचशी चक्क हवेत गेली, कार्बन डायऑक्साइड होऊन. इंडोनेशियाचं उदाहरण याहून वाईट. सुहार्तोंच्या काळात, १९९५-९६ मध्ये, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर पीटच्या जंगलात कालवे खणून भातशेती करायची योजना निघाली. कालव्यांनी पाणी गेलं, भात काही आला नाही, आणि १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात ते सुकलेलं पीट पेटलं. जमीनच जळत होती, वर पाणी मारून विझत नव्हती. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांच्या आगीतून बाहेर पडलेला कार्बन जगाच्या वर्षभराच्या कोळसा-तेलातून निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता असा अंदाज २००२ मध्ये छापून आला. खालचा आकडा धरला तरी छाती दडपते. आणि आगबिग न लागता नुसत्या सुकवलेल्या पीटमधून जे गुपचूप निघत राहतं तेसुद्धा माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या ४-५ टक्के भरतं.

आता ठाण्याला येऊ. ठाणे खाडी म्हणजे पीटलँड नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे पर्यावरणवाले एकदा बोलायला लागले की सगळंच फुप्फुस आणि किडनी होऊन जातं. आपल्या खाडीचा चिखल हा मुख्यतः मातीचा गाळ आहे, नद्यानाल्यांनी आणलेला आणि भरतीने आत ढकललेला, त्यात सेंद्रिय भाग पीटच्या मानाने बराच कमी. पण चालतं सगळं त्याच नियमाने. पाणी, ऑक्सिजनची टंचाई, आणि हळूहळू चढणारा थर.

विश्वास बसत नसेल तर ओहोटीला ऐरोली-दिव्याच्या जेटीकडे नाहीतर कोलशेतकडे जा आणि कडेच्या चिखलात एक काठी खुपसा. वरचा पापुद्रा तपकिरी असतो, नखाएवढ्या जाडीचा. त्याच्या खाली एकदम काळंकुट्ट. तो काळा रंग लोह आणि गंधकाच्या संयुगाचा, आणि ते संयुग तिथे आहे याचाच अर्थ तिथे ऑक्सिजन नाही. त्यातला एक गोळा काढून उन्हात कट्ट्यावर ठेवा, बाहेरून बघता बघता तपकिरी व्हायला लागतो. हवा लागली. गोळ्यात जे नखाएवढं होतं तेच पोकलेनने खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन, खणलं की ट्रकच्या ट्रक भरून होतं. आणि तो जो सडक्या अंड्याचा वास ट्रेन कळव्याच्या पुढे खाडीवर आली की डब्यात शिरतो, ज्याच्यावरून शेजारचा माणूस नाक दाबून आपल्याकडे बघतो, तो सगळाच काही गटाराचा नसतो. थोडा वाटा त्या जीवाणूंचा आहे जे ऑक्सिजन नाही म्हणून समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. गटाराचा वाटा मोठा आहे हे मान्य, त्याला मी वाचवत नाहीये.

तिवरांची श्वासमुळं वर डोकं काढून उभी असतात तीही त्यासाठीच, खाली हवा नाही. चिंबोऱ्या पानं ओढून बिळात नेतात, भरती येते आणि जाताना गाळ ठेवून जाते, मुळांच्या जाळ्यात तो अडकतो, मेलेली मुळं तिथेच राहतात. असं शतकानुशतकं. २०११ मध्ये हिंदी-पॅसिफिक भागातल्या कांदळवनांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात सरासरी हेक्टरी १,०२३ टन कार्बन निघाला, आणि त्यातला निम्मा ते जवळजवळ सगळा, म्हणजे ४९ ते ९८ टक्के, जमिनीत होता, झाडात नाही. हा आकडा उचलून ठाणे खाडीला चिकटवू नका, आपला गाळ खनिज आहे, आपला आकडा कमी येईल. पण अंदाज यावा म्हणून सांगतो, १,०२३ टन कार्बन म्हणजे साधारण ३,७५० टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १६ लाख लिटर पेट्रोल जाळल्यावर निघेल तेवढा. एका हेक्टरमध्ये. आपल्याकडे याच्या पाव असला तरी ४ लाख लिटर झाले, आणि त्यावर उपाय काय, तर कुठल्यातरी डोंगरावर गुलमोहर आणि करंजाची रोपं!

हा गाळ काय काय धरून ठेवतो याचा पुरावा मुंबईतच निघालाय. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चाललं होतं तेव्हा समुद्राच्या गाळाखाली आख्खं जंगल सापडलं, खैराची झाडं, त्यातली बरीचशी मुळांवर तशीच उभी. खैर काही खाऱ्या पाण्यातलं झाड नाही, म्हणजे कधीकाळी ती कोरडी जमीन होती, मग पाणी आलं, गाळ चढला आणि लाकूड तिथेच राहिलं. गॅझेटियरमध्ये नोंद आहे त्याची. उघड्यावर पडलेलं लाकूड इतकं टिकेल का?

इथे इंजिनिअर मित्र एक मुद्दा काढतात आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, भराव टाकला तर चिखल खालीच दबतो ना, मग कार्बन सुटला कसा? उलट अजून घट्ट बंद झाला. बरोबर आहे, नुसता दबलेला चिखल लगेच हवेत उडून जात नाही, आणि जे म्हणतात की भराव टाकला की सगळा कार्बन सुटला ते चूक बोलतात. पण प्रत्यक्षात नुसता दाबतात कुठे? कडेचा चिखल पोकलेनने उपसून दुसरीकडे ढीग करतात, नाले खणून पाणी उतरवतात, मरीन क्लेमध्ये, म्हणजे समुद्री चिकणमातीत, उभे ड्रेन घालून वरून वजन देऊन पाणी पिळून काढतात म्हणजे जमीन लवकर बसावी. यातला उपसलेला आणि कोरडा पडलेला चिखल हवेला लागतो. आणि गंधकवाला चिखल सुकला की नुसता कार्बन डायऑक्साइड निघत नाही, ॲसिडही होतं. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनी बघा, काळ्या, गाडलेल्या लाकडांनी भरलेल्या, सुकल्या की इतक्या आंबट होतात की भात तग धरत नाही. दुसरं म्हणजे जिथे भराव पडला तिथे नवीन थर चढणं कायमचं बंद. गोदाम चालू झालं पण खाडीचं जे काम चालू होतं ते थांबलं, याची किंमत कुठल्याच फाइलमध्ये धरत नाहीत.

आणि बसणाऱ्या जमिनीचं म्हणाल तर नवी मुंबईत राहणाऱ्याला ते सांगायला नको. बिल्डिंग पाइलवर, म्हणजे खोल गाडलेल्या खांबांवर, असते, ती जागची हलत नाही, पण आजूबाजूचे पेव्हर ब्लॉक खाली जात राहतात. आमच्या सोसायटीत जिन्याच्या पहिल्या पायरीखाली आणखी एक पायरी तयार झालीय जी कुठल्याच प्लॅनमध्ये नाही. दर थोड्या वर्षांनी एजीएममध्ये रॅम्प नवीन करायचा ठराव होतो, काँट्रॅक्टरला शिव्या पडतात, आणि सेक्रेटरीसाहेब दर वेळी म्हणतात की यावेळी पीसीसी, म्हणजे खालचं काँक्रीट, जाड टाकू. होल्म फेनचा खांब बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. फक्त आपल्याकडे हे पीट कुजल्यामुळे नाही तर क्ले दबल्यामुळे होतं, तेवढा फरक लक्षात ठेवायचा.

बरं, उलट बाजूचे मुद्दे घेऊ, सगळे नाही, जे ऐकण्यासारखे आहेत ते.

ठाणे खाडीत तिवरं वाढतायत, हा एक. खरं आहे. गाळ साचतोय, तिवर पसरतंय, सॅटेलाइटच्या फोटोत दिसतं. पण ती वाढ बऱ्याच ठिकाणी मोकळ्या चिखलपट्ट्यांवर झालीय, जिथे फ्लेमिंगो खायला उतरतात, त्यामुळे हिरवा रंग वाढला म्हणजे खाडी सुधारली असं नाही. म्हणूनच मोकळ्या चिखलात जाऊन तिवराची रोपं खोचण्याचे जे इव्हेंट होतात, टीशर्ट बिशर्ट घालून, त्यांच्याबद्दल मला फार प्रेम नाही. भरतीचं पाणी नीट येत-जात असेल तर तिवर आपोआप येतं, त्याचं बी पाण्यावर तरंगत येऊन रुजतं, त्याला आपली गरज नसते. आणि पाणी येत नसेल तर कितीही लावा. नेरुळच्या डीपीएस तलावाचं तेच झालं, भरतीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तलाव आटला, २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. एकही झाड न तोडता पाणथळ जागा मारता येते. फक्त पाइप बंद करायचा.

दुसरा मुद्दा मिथेनचा. दलदलीतून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तापदायक, मग दलदल ठेवून फायदा काय, असं एकाने मला अगदी सिरियसली विचारलं. गोड्या पाण्याच्या दलदलीत हा प्रश्न खरा आहे, आणि पीटवाल्या देशांत पाणी परत भरताना त्याचा हिशोब करतातच, पण शेकडो वर्षांचा हिशोब धरला तर साठवणच जिंकते. खाऱ्या चिखलात ते वर सांगितलेले सल्फेटवाले जीवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात, त्यामुळे मिथेन कमी निघतो. फक्त यात एक गोम आहे, आपण नाल्यांतून सांडपाणी सोडत राहिलो, वर खारटपणा कमी झाला आणि मैला वाढला, की मिथेनही वाढणार. म्हणजे एसटीपी, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं, नीट चालवणं हासुद्धा कार्बनचाच प्रश्न आहे, पण त्याचं उद्घाटन एकदाच होतं, रोज चालवण्याचे फोटो कोण काढणार.

तिसरा मुद्दा विकासाचा, आणि इथे मी काही फार कडवा नाही. मी स्वतः भरावावरच्या शहरात राहतो, १९७० मध्ये सिडको आली नसती तर माझ्यासारख्याला मुंबईत एक खोलीसुद्धा परवडली नसती. आगरी-कोळी लोकांच्या जमिनी गेल्या, मिठागरं आणि खारबांधाची भातशेती गेली, त्यांच्यापुढे जाऊन आता मी चिखल वाचवा म्हणायचं तर आधी खाली बघून बोलावं लागतं. पण प्रत्येक प्रकल्प खाडीला सारखंच मारत नाही. खांबांवर नेलेला पूल आणि भराव टाकून नेलेला रस्ता यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्यात खालून भरती-ओहोटी चालू राहते, दुसऱ्यात बंद होते. झाडांच्या आकड्यात मात्र दोन्ही सारखे दिसू शकतात. समजा पुलासाठी ५०० तिवरं तुटली आणि रस्त्यासाठीही ५००, भरपाई दोघांना तीच, पण रस्त्याच्या मागच्या बाजूचं आख्खं खाजण सुकणार आहे हे कुठल्या रकान्यात लिहायचं? रकानाच नाही. माझा राग प्रकल्पांवर कमी आणि या रकान्यांवर जास्त आहे.

कायदा आपल्याकडे कमी आहे असंही नाही. २०१८ मध्ये हायकोर्टाने कांदळवनं कुठल्याही जमिनीवर असोत, ती जंगल धरायची असं सांगितलं, भोवती ५० मीटरचा पट्टा सोडायला लावला. २०१५ पासून ठाणे खाडीचं १,६९० हेक्टर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा आला. पण हे सगळं झाडाला आणि पक्ष्याला धरून आहे. चिखल हा त्यांच्या पायाखालचा, म्हणून वाचला तर वाचला. नवी मुंबईच्या होल्डिंग पॉन्डचं बघा. शहर भरतीच्या पातळीच्या आसपास आहे म्हणून पावसाचं पाणी धरून ठेवायला तलाव केले, गाळाने भरले, त्यात तिवरं उगवली, आता गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात आणि ती तोडायला कोर्टाची परवानगी लागते. दरवर्षी पावसाळ्यात हा वाद. मला विचाराल तर तिथे गाळ काढावा, लोकांच्या घरात पाणी शिरतं आणि तो तलाव त्याच कामासाठी बांधलाय. पण काढलेला काळा चिखल उघड्यावर ढीग करून सुकवायचा की पुन्हा ओल्या जागी, भरतीखाली, जिथे काठ धुपतोय तिथे टाकायचा, एवढा तरी प्रश्न कोणी विचारेल का? सध्या वाद तोडू की नको इथेच संपतो.

शास्त्रज्ञ एक शब्द वापरतात, इर्रिकव्हरेबल कार्बन, म्हणजे असा साठा जो आज सुटला तर २०५० पर्यंत काहीही केलं तरी परत भरता येणार नाही. पीटलँड, कांदळवनं आणि जुनी जंगलं त्या यादीत वर आहेत. नवीन लावलेलं तिवर वीस-तीस वर्षांत चांगलं मोठं होतं, नाही असं नाही, पण त्याच्या खालचा दोन-तीन मीटर गाळ वीस-तीस वर्षांत होत नाही. आणि तिवराच्या बदल्यात कोरड्या जमिनीवर साग लावला तर त्याचा या हिशोबाशी काही संबंधच उरत नाही.

मग करायचं काय. याला नवीन खातं, नवीन समिती वगैरे लागत नाही. खाडीकाठी काहीही बांधायचं म्हटलं की पहिलं काम बोअर मारणं असतं, कारण मरीन क्ले किती मीटर आहे आणि खडक कुठे लागतो हे कळल्याशिवाय कोणी पाइलचा हिशोब करत नाही. म्हणजे चिखलाची खोली दर बोअरला आधीच मोजलेली असते, बोअर लॉगमध्ये लिहिलेली असते, नमुने पेट्यांत भरून लॅबमध्ये गेलेले असतात. त्याच नमुन्यातला थोडा भाग सुकवून, वजन करून, ५५० डिग्रीच्या भट्टीत काही तास ठेवायचा आणि परत वजन करायचं, जेवढं घटलं त्यावरून सेंद्रिय भागाचा अंदाज येतो. कुठल्याही बऱ्या सॉइल लॅबमध्ये ही टेस्ट होते आणि बोअर मारण्याच्या खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ आहे. तर पुढच्या जनसुनावणीला जाल तेव्हा किती झाडं हे विचाराच, पण त्याच्या आधी बोअर लॉग मागा, दर मीटरचा सेंद्रिय कार्बन मागा, उपसलेला चिखल कुठे टाकणार ते मागा, आणि भराव झाल्यावर मागच्या खाजणात भरतीचं पाणी कुठल्या वाटेने येणार तो नकाशा मागा. नाही म्हणाले तर नाही म्हणाल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.